आधी खडू, मग फर्निचर

माझ्या वहिनीला लोक खडूवहिनी म्हणतात आणि ते ऐकलं की मला राग येतो. वीस वर्षं जिने लोकांच्या घरातले पलंग, कपाटं, टेबलं नि सोफे जागच्या जागी बसवून दिले, तिची ओळख काय, तर खडू. तिला मात्र त्याचं काही नाही. हातात खडू आहे म्हणून खडूवहिनी, हातोडा असता तर काय म्हणाले असते, असं म्हणून ती मोकळी होते. रागवायचं काम आमच्या घरात पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. मी तिची नणंद. टेपचं एक टोक तिच्या हातात असतं आणि दुसरं माझ्या, एवढाच माझा या धंद्यातला हुद्दा.

ती शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आमच्या दोन खोल्यांच्या घरात आली तेव्हा तिथे सहा माणसं होती आणि एक कपाट होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मोठ्या हौसेने आणलेलं. छतापर्यंत उंच, भक्कम, आणि त्याचं उजवं दार अर्धंच उघडायचं, कारण मध्ये पलंग. अकरा वर्षं आम्ही सगळे त्या फटीतून हात घालून, गाल दाराला टेकवून कपडे ओढून काढत होतो. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण अण्णांना ते सांगणार कोण? वहिनीने लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात माहेरून आणलेला शिंप्याचा चपटा खडू काढला, खिडकीखालच्या मोकळ्या फरशीवर पलंगाची नवी जागा आखली आणि अण्णांना म्हणाली, दोन दिवस या रेघेवर पाय न देता वावरून बघा, नाही जमलं तर पुसून टाकते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच पलंगाचा पाय उचलला. दार पूर्ण उघडलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात दादाचा सातवीतला स्वेटर सापडला. दादाची उंची तोवर पावणेसहा फूट झाली होती.

तिच्या वडिलांचं म्हणणं असं, की आधी खडू, मग कात्री. कापड एकदा कापलं की कापलं. वहिनीने तेच घरांना लावलं. शेजारच्यांनी बोलावलं, त्यांच्या मेहुण्यांनी बोलावलं, आणि बघता बघता तिचा तो धंदाच झाला. फर्निचर घ्यायच्या आधी ती खोली रिकामी करायला लावते आणि प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या मापाने जमिनीवर आखते. सोफा पांढऱ्या खडूने, दारांचे अर्धगोल पिवळ्या खडूने, आणि खण पूर्ण ओढल्यावर कुठपर्यंत येतो तिथे तुटक रेघ. मग त्या घरच्यांनी तीन दिवस त्या रेघा म्हणजे खऱ्याच वस्तू आहेत असं समजून वावरायचं. सोफ्यातून चालायचं नाही, टेबलावर पाय द्यायचा नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो. नवरे पहिल्या दिवशी हसतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, की ते कपाट सहा इंच सरकवा हो, सकाळी डबा घेऊन निघताना अडचण होते.

शिवाय ती माणसं मोजते. कोणाचा गुडघा किती उंच, कोण डावखुरा, कोणाला खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत कोणाचा हात पोचतो. लोकांना वाटतं बाई खुळी आहे. खोलीचं माप घ्या ना, आमचं कशाला घेता? मला त्यांना सांगावंसं वाटतं, की खोलीला गुडघा नसतो, लागतं ते तुम्हालाच. पण वहिनी मला डोळ्यांनीच गप्प करते.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून बोलावणं आलं. मुलगा, सून आणि मुलाची आई. मुलगा चांगल्या हुद्द्यावर, बोलायला गोड, आणि घर कसं मासिकातल्या फोटोसारखं दिसलं पाहिजे असं त्याच्या मनात बसलेलं. आमच्या जाण्याआधीच त्याने हॉलमधलं जुनं सामान विकून टाकलं होतं. तीस वर्षांचं जेवणाचं टेबल, दोन कपाटं, दिवाण, सगळं. हॉल कसा नवाकोरा, उघडा. त्याच्या आईंना आम्ही काकू म्हणायला लागलो. ताठ कण्याच्या, स्वच्छ कपड्यांतल्या, आणि बोलण्यात तल्लख. जुनं टेबल गेलं त्याचं वाईट वाटलं का, असं मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, आता माणसं जातात तिथे टेबलाचं काय घेऊन बसलीस.

वहिनीने हॉल आखला. तीन दिवसांनी येतो, म्हणून आम्ही निघालो. परत आलो तर अर्ध्या रेघा पुसलेल्या. सोफ्याच्या मधोमध पावलं, टेबलाचा एक कोपरा नाहीसा, कपाटाचं दार फरपटलेलं. सून म्हणाली, आम्ही दोघं तर जपून चालतो हो, सासूबाईंचंच काही कळत नाही. आम्ही पुन्हा आखलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा मी गुडघ्यांवर बसून रेघा काढत असताना काकू आतून आल्या आणि माझ्यासमोर सरळ सोफा तुडवत बाल्कनीकडे गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला काय वाटायचं ते वाटलं: सुनेचं नवं घर सासूला खपत नाही, आणि तोंडाने गोड बोलून ही बाई पायाने आपला निषेध नोंदवते आहे.

मी म्हणाले, "काकू, जरा खाली बघून चाललात तर बरं होईल. माझे गुडघे काही फुकटचे नाहीत."

त्या थबकल्या. "चुकलंच माझं," म्हणाल्या, आणि तिथून हलेचनात. मला वाटलं, लागलं वर्मी. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

वहिनी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत बसली होती, तिचे वडील कापडाकडे बघत बसायचे तशी. बऱ्याच वेळाने तिने मला जवळ बोलावून हळूच दाखवलं. काकूंची पावलं आमच्या नव्या सोफ्यातून, नव्या टेबलातून बिनधास्त गेली होती. पण हॉलच्या मध्यावर, जिथे आता काहीच नव्हतं आणि आमची रेघही नव्हती, तिथे ती पावलं नीट वळसा घालून जात होती. फरशीवर तिथे चार फिकट डाग होते. जुन्या टेबलाच्या पायांचे. काकू नसलेल्या टेबलाला वळसा घालत होत्या आणि असलेल्या रेघेवर पाय देत होत्या.

मुलगा आणि सून कामावर गेले होते. वहिनी उठली, काकूंजवळ जाऊन बसली आणि अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, की कधीपासून दिसत नाही.

काकूंनी आधी चष्म्याचा नंबर वाढला वगैरे सांगून बघितलं. मग सांगितलं. दोन वर्षं झाली. समोरचा माणूस धुरकट दिसतो, आवाजावरून ओळखायचा. जमिनीवरचं काहीच दिसत नाही. शेजारणीबरोबर जाऊन डॉक्टरांना दाखवलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही असं ते म्हणाले. घर तीस वर्षांचं, प्रत्येक वस्तूची जागा पायांना माहीत, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नव्हता. मुलाला सांगितलं का नाही, असं मीच विचारलं.

"माझ्या थोरल्या जाऊबाईंची नजर अशीच गेली," काकू म्हणाल्या. "घरच्यांना कळलं त्या दिवशी त्यांना एका खुर्चीत बसवलं. बसा हं, उठू नका हं, आम्ही देतो हं. सहा वर्षं त्या खुर्चीत होत्या. मला माझा चहा माझ्या हाताने करायचाय गं. तुम्ही दोघी कोणाला सांगू नका."

वहिनीने शब्द दिला. मीही दिला. शब्द देताना काही वाटत नाही, तो नंतर घशात अडकतो.

वहिनीने सगळा प्लॅन बदलला. जेवणाचं टेबल पुन्हा त्या चार डागांवर. सोफा भिंतीला लावून, चालायची वाट जुनीच. मधलं छोटं टेबल लाकडाचं, गोल, जड, सहज न सरकणारं. पायाखाली सरकणारा गालिचा नाही. संध्याकाळी मुलासमोर तिने तो प्लॅन मांडला. वाट रुंद पाहिजे, कोपरे बोथट पाहिजेत, वय झालेलं माणूस आहे घरात, अशी असतील नसतील ती सगळी कारणं तिने दिली, खरं तेवढं सोडून. मुलगा हसत ऐकत होता. मग त्याने एका मोठ्या शोरूमवाल्याने काढून दिलेलं कॉम्प्युटरवरचं चित्र आम्हाला दाखवलं. हॉलच्या मधोमध कोनात वळलेला सोफा, त्याच्यापुढे चौकोनी काचेचं टेबल, पोटरीएवढं उंच, चार टोकदार कोपरे, इतकं पारदर्शक की डोळसाने पण दोनदा बघावं. आणि त्या चित्रात एकही माणूस नव्हतं. ते तर मला सगळ्यात झोंबलं. माणूसच नसेल तर कुठलीही खोली छान दिसते.

वहिनी त्या दिवशी खूप भांडली, तिच्या मानाने. मुलगा शेवटी म्हणाला, की राग मानू नका, पण तुमचा प्लॅन दवाखान्यात नंबर लावून बसतात त्या खोलीसारखा दिसतो, आणि हल्ली खडूने कोण घर बघतं? तो आमचा निरोप होता. पायऱ्या उतरताना मी त्याचा इतका उद्धार केला, की खालच्या मजल्यावरच्या माणसाने दार उघडून बघितलं. वहिनीला माझं एक अक्षर ऐकू गेलं नसावं. ती मनात मोजमाप करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने त्या शोरूमचं सुतारकाम करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडून शोरूमवाल्याच्या प्लॅनची मापं मिळवली. फर्निचर यायला बारा दिवस होते. तळमजल्यावरच्या दुकानातून तिने रिकामी खोकी मागून आणली आणि रोज दुपारी, मुलगा आणि सून घरी नसताना, आम्ही दोघी त्या घरी जायला लागलो. खोक्यांचा सोफा, खोक्यांचं टेबल, अगदी मापात, चिकटपट्टी लावून. काचेच्या टेबलाच्या जागी चार बाजूंना वहिनीने पोटरीएवढ्या उंचीवर पातळ दोरी ताणली होती, म्हणजे लागलं तर कळेल पण दुखणार नाही. काकू चालायच्या आणि आम्ही मोजायचो. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं. दारातून उजवा हात सोफ्याच्या पाठीवर, पाठ संपली की तिथून चार पावलं सरळ, मग डावीकडे वळायचं, मग ओट्याची कड. वळण एक पाऊल आधी घेतलं की पोटरी दोरीला.

पहिले चार दिवस त्या सारख्या अडखळल्या. तीस वर्षांचं पायातलं घर काढून दुसरं भरायचं म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं. पाचव्या दिवशी त्या दमून खोक्यावर बसल्या, खोकं दबलं, आणि आम्ही तिघी हसत सुटलो. शाळेत एवढं पाठांतर केलं असतं तर मास्तरीणबाई झाले असते, असं काकू म्हणाल्या. अकराव्या दिवशी त्यांनी ओट्यापासून सोफ्यापर्यंत चहाचा भरलेला कप आणला, थेंब न सांडता, आणि माझ्या हातात दिला. रोज पाच वाजायच्या आत आम्ही खोकी दुमडून जिन्याखाली ठेवत होतो. या सगळ्याचं वहिनीने कोणाकडून काही घेतलं नाही, आणि द्यायला तिथे कोणाला कळलंच नव्हतं.

फर्निचर आलं. महिना गेला. मग सुनेचा फोन आला, की काकूंच्या खोलीतल्या नव्या कपाटाचा खण पलंगाला अडतो, पूर्ण उघडतच नाही, शोरूमवाला म्हणतो चित्रात तर व्यवस्थित होतं. एवढं मोठं शोरूम, आणि खण ओढायला जागा लागते हे त्यांच्या उंटावरच्या शहाण्याला माहीत नाही. मी म्हटलं, जायचं नाही. वहिनी टेप घेऊन निघाली, म्हणजे मलाही निघावं लागलं.

सुट्टीचा दिवस होता, सगळे घरी. खणाचं काम वहिनीने पाच मिनिटांत सांगितलं. मग मुलाने आम्हाला हॉलमध्ये बसवलं. काकू ट्रेमधून चहा घेऊन आल्या, सोफ्याच्या पाठीवर बोटं फिरवत, मग चार पावलं, मग वळण. काचेच्या कोपऱ्यापासून त्यांची पोटरी चार बोटांवरून गेली. मुलगा वहिनीला म्हणाला, "बघितलंत? तुम्ही केवढं घाबरवलं होतंत. आई एका दिवसात रुळली इथे." आणि मग तो म्हणाला, की पुढच्या आठवड्यात शोरूमवाले फोटो काढायला येणार आहेत, त्याआधी सोफा खिडकीकडे फिरवणार, टेबल मधोमध आणणार, दर दोन-तीन महिन्यांनी मांडणी बदलली की घर ताजं वाटतं.

काकू ट्रे ठेवत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला.

मी शब्द दिला होता, हे मला त्या क्षणीही आठवत होतं. तरी मी बोलले. "तुमच्या आईंना दिसत नाही. दोन वर्षं झाली. हे घर त्यांनी एका दिवसात नाही, अकरा दिवस पाठ करून घेतलंय, आणि ते या वहिनीने करून दिलंय."

सुनेने तोंडावर हात ठेवला. तिला खरंच माहीत नव्हतं, ते तिच्याकडे बघूनच कळत होतं. मुलगा मात्र कपाकडे बघत राहिला. मी आता आरडाओरडा होईल, खोटं म्हणेल, आईचा हात धरेल, अशी वाट बघत होते.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "गेल्या वर्षापासून. तिने माझ्यासमोर पेपर उलटा धरला होता. तीच काही म्हणत नव्हती, मग मी कशाला विषय काढू? म्हटलं, चाललंय तिचं नीट."

काकू सावकाश सोफ्याच्या कडेला बसल्या. एक वर्षभर त्या ज्याच्यापासून लपवत होत्या, तो समोर बसून बघत होता. उलटा पेपर बघत होता, भिंतीवरून सरकणारी बोटं बघत होता, आणि सोय म्हणून गप्प होता. कारण एकदा माहीत आहे म्हटलं, की काहीतरी करावं लागतं.

"मग काचेचं टेबल का आणलंस?" काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवलीस, असं विचारावं तसं विचारलं.

तो घाईघाईने म्हणाला, की उद्याच काढून टाकतो, उद्या कशाला, आत्ता काढतो, आणि खरंच उठून त्याने टेबलाची कड धरली.

"नको," काकू म्हणाल्या. "आता काही हलवू नकोस. फार कष्टाने पाठ केलंय मी."

तो टेबल धरून तसाच वाकलेला राहिला. उचलावं की सोडावं ते त्याला कळेना. आम्ही निघालो. काकूंचा हात मी हातात घेतला, शब्द मोडला म्हणून माफी मागितली. त्यांनी माझा हात थोपटला, पण माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

जिन्यात मी वहिनीच्या बोलण्याची वाट बघत होते. वीस वर्षांत तिने मला कधी टाकून बोललेलं नाही, आज बोलेल असं वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावर ती कठड्याला धरून थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता. वहिनीला रागावलेलं मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती माझ्यावर रागावलेली नव्हती.

"घर पाठ करून द्यायचं काम त्याचं होतं," ती म्हणाली. "ते मी केलं. त्या बाई एकदा जरी त्या टेबलावर आपटल्या असत्या, तर त्याला माहीत नसल्याचं सोंग करता आलं नसतं. मी त्याचं सोंग महिनाभर टिकवून दिलं."

मी म्हणाले, की तू नसतं केलंस तर काकूंचा पाय मोडला असता.

"हो," वहिनी म्हणाली. "म्हणूनच तर केलं. आणि त्याला तेही माहीत होतं, की कोणीतरी करेल."